तेलाची वाटी

आपण निवृत्त होतोय हे रिम्माला पोस्टर वाचून कळलं. बाळाला कडेवर घेऊन ती ट्रामच्या थांब्यावर उभी, आणि समोर भिंतीवर तिचाच हसरा चेहरा. खाली लिहिलेलं, 'धन्यवाद, रिम्मा! शनिवारी निरोपाचा सामना.' तिनं तिथूनच मला फोन केला, नोन्ना, मी असं कधी म्हणाले गं? मी आमच्या हँडबॉल संघाची गोलरक्षक, सगळं तारुण्य तिच्यासोबत खेळण्यात गेलेलं. माझ्या डोक्यात तिडीकच गेली.

म्हणायला शहराचा तिच्यावर केवढा जीव! व्होल्गाकाठच्या या शहरात केफिरच्या, म्हणजे आंबवलेल्या दुधाच्या, पुड्यांवरसुद्धा तिचा फोटो. लोकांनी पोरींची नावं रिम्मा ठेवली. बाळंतपणानंतर ती पुन्हा पहिल्यासारखी उडी घेऊन गोल करायला लागली होती. पण आमचे संचालक व्हिताली सेम्योनोविच यांना आई झालेली खेळाडू नको होती, आणि तिला काढून टाकायची छातीही नव्हती. लोकांनी फाडून खाल्लं असतं. म्हणून हा गोडगोड निरोप. भरल्या मैदानात रडारड झाली की बाई काय बोलणार?

मी त्यांना तोंडावर विचारलं. तर म्हणे, नोन्ना पेत्रोव्हना, ती आता आई आहे, मी तिचं भलंच करतोय. मेल्याला स्वतःची पोरं कितवीत आहेत ते धड सांगता आलं नसतं.

आमच्या क्लबची एक रीत आहे. चेंडू सुटू नये म्हणून बोटांना राळ लावतात. ती पाण्यानं जात नाही, तेलच लागतं. निवृत्त होणारी मैदानाच्या मधोमध, सगळ्यांसमोर, सूर्यफुलाच्या तेलानं हात साफ करते. त्यानंतर चेंडूला शिवायचं नाही. तेलाची वाटी धरते तिची जुनी मैत्रीण. म्हणजे मीच.

सामना संपल्यावर मी वाटी घेऊन मैदानाच्या मधोमध निघाले. लोक धन्यवाद, धन्यवाद ओरडत होते, बायका हुंदके देत होत्या. हिला जायचंय का, असं एकालाही विचारावंसं वाटलं नाही.

रिम्मानं वाटीकडे पाहिलं. मग खाली वाकून, खेळताना हाताशी असावा म्हणून बुटाच्या टाचेवर थापलेला राळेचा गोळा खरवडला आणि दोन्ही तळव्यांना चोळला. संचालक माईक घेऊन पुढे आले, तसा तिनं त्यांचा हात धरला तो सोडेचना.

"व्हिताली सेम्योनोविच," ती माईकमध्ये म्हणाली, "मी उद्या सरावाला येतेय. तेल तुम्हीच लावा."

लोकांना गंमत वाटली, ते हसले. दुसऱ्या दिवशी पहारेकऱ्यानं तिला दारातच अडवलं. बिचाऱ्याला मान वर करवेना. महिन्याभरात ती शेजारच्या शहराच्या संघात गेली.

हिवाळ्याच्या तोंडावर ती त्यांची निळी जर्सी घालून आमच्याच मैदानात उतरली. ज्यांनी रुमाल भिजवले होते, त्यांनीच शिट्ट्या मारून तिला हिणवलं, गद्दार म्हटलं. मला त्यांच्यावर थुंकावंसं वाटलं. शेवटी त्यांना पेनल्टी मिळाली. समोर ती, जाळीपुढे मी. मुद्दाम सोडली असती तर तिचाच अपमान झाला असता, म्हणून मी जीव तोडून झेपावले. चेंडू कानाजवळून जाळीत गेला.

मी तो उचलला. राळेनं चिकचिकत होता. संचालकांच्या खुर्चीसमोर जाऊन मी तो दोन्ही हातांनी वर धरला.

"हात लावून बघा," मी म्हणाले. "धुतलेत का तिनं हात?"