समुद्र काय पळून जातोय

खोडदच्या भजनी मंडळाच्या चाळीस बायका कोकण बघायला निघाल्या होत्या. निर्मला मात्र निघाली होती ती एका फेरीसाठी. मागच्या आषाढात तिची थोरली जाऊ प्रयागबाई लकव्यानं आडवी झाली, तेव्हा निर्मलानं देवापुढं हात जोडले होते: आक्का पायावर उभी राहिली की हरिहरेश्वराला दोघी मिळून प्रदक्षिणा घालू. तेव्हापासून तिनं एक सोमवार चुकवला नव्हता. आता आक्का काठी टेकत का होईना, चालत होती. सहलीत सोमवती अमावस्या येतेय हे पंचांगात बघूनच निर्मलानं दोघींची नावं दिली होती. आज तो सोमवार होता, आणि फेरी होईपर्यंत तिला पाण्याचा थेंबही घ्यायचा नव्हता.

ही प्रदक्षिणा नुसती देवळाभोवतीची नव्हे. देवळामागून डोंगराच्या घळीतून पायऱ्या थेट समुद्राकडं उतरतात आणि वाट खडकांवरून डोंगराला वळसा घालून परत येते. भरती आली की वाट पाण्याखाली. निर्मलानं घरूनच तिथल्या गुरुजींना फोन केला होता. "साडेआठच्या आत या," ते म्हणाले होते. "नंतर मग संध्याकाळीच." ही वेळ तिनं सहल काढणाऱ्या नारायणगावच्या रामनाथला तीनदा सांगितली होती. तिन्ही वेळा त्यानं मान हलवली होती.

सकाळी सातला गाडी मुक्कामावरून निघाली आणि दहा मिनिटांत एका काजू-कोकमाच्या दुकानापुढं उभी राहिली.

"रामनाथभाऊ, आधी देव करू," निर्मला म्हणाली. "दुकान मागनं बघू."

"काकू, पंधरा मिन्टं फक्त."

"तिकडं पाणी चढतंय."

"आवो, आपल्या येडगावच्या धरणाचं पाणी हलायला उन्हाळा लागतो. हा तर येवढा मोठा. समुद्र काय पळून जातोय का?"

गाडीभर हसू झालं. बायकांचंही काही चुकत नव्हतं. बहुतेकींनी समुद्र कालच पहिल्यांदा बघितला होता. त्यांच्याकडं पाणी पावसाळ्यात चढतं नि उन्हाळ्यात उतरतं. दिवसातून दोनदा ये-जा करणारं पाणी त्यांना ठाऊकच नव्हतं. पण रामनाथ वर्षाला दहा सहली आणत होता. त्याला ठाऊक होतं.

दुकानदारानं त्याला आत नेऊन पंख्याखाली बसवलं, पुढं सरबत ठेवलं. मंडळाच्या म्होरक्या वैजयंतीताईंनी मसाल्याचे काजू चाखले, मग खारे, मग आंबापोळी. निर्मला गाडीतच आक्काशेजारी माळ ओढत बसली. साडेसात झाले. साडेआठ झाले. ती दोनदा उतरून दारापर्यंत गेली, दोनदा "हे काय, निघालोच" ऐकून परत आली. गाडी हलली तेव्हा साडेनऊ वाजले होते.

घळीच्या तोंडाशी गुरुजी उभे होते. खाली पायऱ्यांवर लाट आपटली, तिचा फेस वर उडाला.

"अमावस्येची भरती आहे, बाई. आता कुणालाच सोडता येणार नाही. साडेचारला या."

प्रयागबाई काठीवर दोन्ही हात ठेवून पाण्याकडं बघत राहिली. "ऱ्हाऊ दे, निर्मले," ती म्हणाली. "माझ्या नशिबात नसंल."

हे ऐकलं आणि निर्मलाच्या कानशिलात काहीतरी पेटलं. नशीब? नशीब सकाळी दुकानात पंख्याखाली बसून सरबत पीत होतं.

रामनाथ हात झटकत आला. "काकू, हितनंच नमस्कार करा. देवाला काय, मनातलं कळतं. चला, जेवणं उरकून परत फिरायचंय."

व्रताच्या दिवशी आवाज चढवायचा नाही, हा तिचा नेम. तो तिनं आजही मोडला नाही. ती घळीच्या वरच्या पायरीवर पदर सावरून बसली.

"तुमी जावा. आमी दोघी साडेचारला फेरी घालून येऊ."

"आन् गाडी?"

"जाऊ द्या गाडी. देवळात पडून ऱ्हाऊ, सकाळची येष्टी धरू."

"काकू, तुमच्या एकटीसाठी चाळीस माणसं खोळंबायची का?"

"सकाळी दोन तास कुणासाठी खोळंबली?" ती हळूच म्हणाली.

रामनाथ वैजयंतीताईंकडं वळला. "तुमीच सांगा आता ह्यांना. घरी पोचायला उजाडंल. वाटेत अजून त्या आंब्याच्या कारखान्यात तासभर थांबायचंय."

वैजयंतीताईंच्या हातातली काजूची पिशवी खाली आली. "कारखान्यात थांबायला तुमच्याकडं तास हाय? आन् देवाला न्हाई?"

"तसं न्हाई, ताई..."

"मग कसं? न्हाई, सांगा की. बाई तीनदा बोलल्या, आमी ऐकलं. आन् वर हसलोबी." त्या येऊन निर्मलाच्या खालच्या पायरीवर बसल्या. "मला कारखाना नको. कुणाला पायजे?"

कुणालाच नको होता. एकेक करत बायका सावलीला टेकल्या, कुणीतरी टाळ काढले.

दुपार लांबली. निर्मलानं आक्काला जेवायला लावलं, गोळ्या दिल्या. आपण ओठ ओले केले नाहीत. दुसऱ्यावर राग धरून केलेलं व्रत देवाला पोचतं का, हे तिला कळत नव्हतं. नाम घेत होती, पण तोंडात नाम आणि डोळ्यांपुढं तो पंखा.

साडेचारला खडक उघडे पडले. आक्का पायऱ्या बसत बसत उतरली. खडकांवर तिचा डावा पाय अडायचा, तेव्हा निर्मला थांबायची. पुढं नाही, मागं नाही, शेजारीच.

"राग गेला का गं?" अर्ध्या वाटेत आक्कानं विचारलं.

"न्हाई."

"तरी चालतीयस की."

फेरी संपून त्या वर आल्या तेव्हा दिवस बुडायला आला होता. गुरुजींनी तीर्थ दिलं, निर्मलानं ते घेतलं, मग तांब्याभर पाणी प्यायली. गाडीच्या दाराशी रामनाथ कोकम सरबताची बाटली घेऊन उभा होता.

"घ्या काकू, उपास सोडा. झालं ना मनासारखं?"

तिनं बाटली घेतली नाही. पिशवीतून त्यानंच वाटलेला सहलीचा छापील कागद काढला आणि त्याच्यापुढं धरला.

"पेन हाय ना? लिवा ह्याच्यावर. भरती किती वाजता, ओहोटी किती वाजता. पुढच्या सहलीला हे आधी छापायचं."

"लिवतो नंतर."

"आत्ता," निर्मला म्हणाली, तेवढ्याच हळू आवाजात, आणि दारातून हलली नाही. मागं एकोणचाळीस बायका उभ्या होत्या.

रामनाथनं खिशातून पेन काढलं आणि गुरुजींना वेळ विचारायला गेला.