धुतलेली पलटण

माणसाच्या हातून चूक होते ती बहुधा घाईत. कवळीच्या हातून झाली ती अगदी स्वस्थपणे, चष्मा पुसून, भर उजेडात, नीट पाहूनसवरून. म्हणूनच ती त्याला जास्त लागली.

कवळी हे अर्थातच त्याचं नाव नव्हे. तो दातांच्या कवळ्या बनवायचा. डॉक्टरांकडून लोकांच्या जबड्यांचे साचे यायचे आणि हा दिवसभर मेणात एकेक दात बसवत राहायचा. पन्नाशी उलटलेला, हात मात्र असा स्थिर की सुईच्या टोकावर रांगोळी काढावी. रविवारच्या मंडळात त्याला दुसऱ्या कुठल्या नावाने कोणी हाक मारल्याचं ऐकिवात नाही.

हे मंडळ म्हणजे वाचनालयाच्या मागच्या खोलीत जमणारी सातआठ माणसं. टेबल-टेनिसची दोन टेबलं जोडायची, त्यावर हिरवं कापड पसरायचं, कापडाखाली जाडजूड पुस्तकं सारून टेकड्या करायच्या आणि त्यावर अंगठ्याएवढे धातूचे शिपाई मांडायचे. खरोखर होऊन गेलेल्या लढाया फासे टाकून आणि टेप लावून पुन्हा लढायच्या. वयाने बाप्ये आणि बाया, कोणाला नातवंडं झालेली, आणि भांडणं कशावरून, तर घोडदळ सहा इंच सरकलं की साडेसहा. बाहेरच्यांना हसू येतं. येऊ दे. जगात याहून वाईट कारणांवरून याहून मोठी माणसं भांडतात.

मंडळ काढलं सरांनी. सर म्हणजे भूगोलाचे निवृत्त मास्तर. मंडळातलं सगळ्यात देखणं सैन्य त्यांचं होतं: दोनशे वर्षांपूर्वीचे निळ्या कोटाचे एकशे बारा शिपाई, आणि ते रंगवले होते त्यांच्या पत्नीने. तिला सगळे बाई म्हणत. बाई चार वर्षांपूर्वी गेल्या आणि ते सैन्य डब्यांत बंद झालं. कोणी विषय काढला नाही, सरांनीही नाही. मग यंदा वर्षातली मोठी लढाई ठरली तेव्हा सर आपणहून म्हणाले, "निळे बाहेर काढू या." काहींच्या संगिनी वाकल्या होत्या, काही पायथ्याच्या चकतीवरून सुटले होते. दुरुस्तीला द्यायचे कोणाकडे, हा प्रश्नच नव्हता. तीन मोठे डबे आणि एक लहान, असे चार डबे सरांनी कवळीच्या हातात ठेवले आणि "सांभाळा हं" एवढंच म्हणाले.

कवळीने सांभाळले. तीन मोठे डबे त्याने उघडले आणि तासभर नुसता बघत बसला. पिनेच्या डोक्याएवढी बटणं, आणि प्रत्येक बटणाला उजेडाचा एक ठिपका. पट्ट्याच्या कडा सरळ रेषेत. चेहरे असे की एकेकाला हाक मारावी. अठ्ठ्याऐंशी शिपाई. तो मनात म्हणाला, बाई, तुमच्यापुढे आम्ही दात कोरणारे.

आता गोची अशी, की त्याच आठवड्यात कवळीने जुन्या बाजारातून शिपायांचा तेवढाच एक लहान डबा उचलला होता. तेही निळेच. ते असल्या घाणेरड्या रंगाने बरबटलेले होते की आधीचा रंग पूर्ण उतरवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. यासाठी एक द्रावण मिळतं. शिपाई त्यात दिवसभर बुडवून ठेवायचे आणि मग दातांच्या ब्रशने घासायचे. दातांच्या ब्रशांची कवळीकडे काय ददात!

टेबलावरचा लहान डबा त्याने उघडला. आत चोवीस निळे. कोटाचा रंग पायापर्यंत ओघळलेला, बटणं कोटाबाहेर, एकाच्या मिशीने तर दोन्ही गाल व्यापलेले. "काय ही माणसाची कळा!" असं म्हणत त्याने चोवीसच्या चोवीस बरणीत सोडले आणि दुसऱ्या दिवशी चकाचक घासून काढले. धातू नुसता चमकायला लागला. त्यानंतर सरांचा चौथा डबा कुठे राहिला म्हणून शोधायला गेला, तर खुर्चीखालच्या पिशवीत सुतळीने बांधलेला एक डबा मिळाला. सुतळी सोडली. आत बाजारातला माल, जसाच्या तसा.

कवळीची पाचावर धारण बसली.

त्याची बायको इस्पितळात नर्स होती. तिने आयुष्यात इतके घाबरलेले नातेवाईक पाहिले होते की नवऱ्याचा चेहरा बघून तिने आधी त्याला खाली बसवलं, मग विचारलं. सगळं ऐकून म्हणाली, "मेलं कोणी नाही ना? मग आधी पाणी प्या."

"अगं, बाईंच्या हातचं होतं ते. आता पुन्हा कुठून आणू?"

"पण तुम्हीच म्हणताय, बाकीचं काम सुरेख आणि एवढंच वाईट. असं कसं?"

कवळीने धुतलेला एक शिपाई उचलून उलटसुलट करून पाहिला. मग बायकोच हळू आवाजात म्हणाली, "शेवटी शेवटी बाईंचे हात फार थरथरायचे. आमच्याच वॉर्डात होत्या."

झालं. आत्तापर्यंत नुसती चूक होती, आता तिचं पाप झालं. गेलेल्या बाईने थरथरत्या हाताने रंगवलेली शेवटची पलटण आपण ब्रशने घासून मोरीत सोडली, हे एकदा डोक्यात बसलं ते निघेना. कवळीच्या घशाखाली घास उतरेना. कामातही लक्ष लागेना. एका गृहस्थांच्या कवळीत त्याने सुळे उलटसुलट बसवले आणि डॉक्टरांनी ती हसत परत पाठवली.

लढाईला दोन आठवडे होते. रोज दुपारच्या सुट्टीत कवळी दाताच्या कामाचा दिवा आणि भिंग घेऊन बसायचा आणि बाईंच्या अठ्ठ्याऐंशींपैकी एक समोर ठेवून त्याबरहुकूम एकेक धुतलेला शिपाई रंगवायचा. तोच निळा, तेच ठिपके. चोवीस पुरे झाले तेव्हा त्याला स्वतःलाच ओळखू येईना कोणते कोणाचे. सांगायचं की नाही हे मात्र ठरत नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं एक मन म्हणे. बायकोला विचारलं तर ती म्हणाली, "तुमचं तुम्ही ठरवा. पण रोज ताटावर बसून असं सुतकी तोंड करणार असाल, तर आजच सांगून मोकळे व्हा."

रविवार उजाडला. दुपारी सगळे जमले. लढाईआधी तपासणी करायची, अशी मंडळाची जुनी रीत. दोन्ही सैन्यं मांडून व्हायची आणि मग सगळ्यांनी हात पाठीशी बांधून टेबलाभोवती फेरी मारायची. दुसऱ्याच्या शिपायाला बोट लावायचं नाही. पांढऱ्या कोटांच्या बाजूने वकीलबाई होत्या. त्यांना खेळाचे नियम कलमांसकट पाठ होते, आणि त्या कोर्टात हरायच्या तेवढ्या इथे कधी हरत नसत. निळ्यांचं नेतृत्व सरांकडे आणि मदतीला कवळी.

सर फेरी मारत आले. पहिला मोठा डबा जिथे मांडला होता तिथे थांबले, मान डोलावली. दुसरा, तिसरा. मग त्या चोवीसांपाशी आले आणि तिथेच उभे राहिले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. एक शिपाई चकतीला धरून उचलला. त्यांचेच शिपाई, त्यामुळे नियमाचा भंग नव्हता. डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला.

खाई त्याला खवखवे. सर एक अक्षर बोलले नव्हते आणि इकडे कवळी बोलायला लागला.

"सर, ते मी केलंय. म्हणजे आधी बिघडवलंय आणि मग केलंय." आणि त्याने एका दमात सगळं सांगितलं: बाजारातला डबा, बरणी, ब्रश, मोरी. काही लपवलं नाही. शेवटी म्हणाला, "मला माफ करा असं म्हणायचीही सोय नाही, कारण ते भरून येणारच नाही."

सर ऐकून घेत होते. शाळेत नकाशा चुकलेल्या पोराकडे बघावं तसे बघत होते.

"मला एक कळत नाही," ते म्हणाले. "बाकीचे तीन डबे तुम्ही आधी पाहिले होते?"

"पाहिले होते."

"मग माझा चौथा डबा तुम्हाला बाजारातला माल कसा काय वाटला?"

कवळीने इकडेतिकडे पाहिलं. अख्ख्या गावाला दात देणाऱ्या माणसाची दातखीळ बसली.

"उत्तर द्या ना," वकीलबाई म्हणाल्या. "प्रश्न अगदी सरळ आहे."

"सर, राग मानू नका." कवळी म्हणाला. "रंग फार वाईट होता हो. बटणं कोटाच्या बाहेर. एकाचे दोन्ही डोळे एकाच बाजूला. मला वाटलं, बाईंच्या हातचं हे असूच शकत नाही."

बोलून गेला आणि त्याला वाटलं, आता धरणी दुभंगावी.

सरांनी हातातला शिपाई पुन्हा जागेवर ठेवला. मग म्हणाले, "नव्हतंच तिच्या हातचं. ते मी रंगवले होते."

कवळीला आधी ते नीट कळलंच नाही. वकीलबाई झटकन खिडकीकडे वळल्या आणि बाहेर काहीतरी फार महत्त्वाचं चाललंय असं बघायला लागल्या. त्यांचे खांदे हलत होते.

"लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत," सर म्हणाले. "ती रंगवायची म्हणून मीही बसलो. एवढी एक पलटण माझी. सगळे म्हणायचे बाईंचं सैन्य, मीही कधी खुलासा केला नाही. पण आतून मला वाटायचं, आपली काही तशी कमी नाही."

"म्हणजे शेवटच्या आजारपणातलं नाही?" कवळीने विचारलं.

"कसलं आजारपण! तेव्हा ती तेवीस वर्षांची होती आणि मला हसत होती. मी समजायचो, आनंदाने हसते आहे."

दोन आठवडे कवळीच्या छातीवर असलेला धोंडा एकदाचा उतरला. कोणीतरी खुर्ची पुढे केली, तो बसला. बाईंचं काही गेलं नव्हतं. बाईंचं सगळंच्या सगळं टेबलावर उभं होतं, अठ्ठ्याऐंशीच्या अठ्ठ्याऐंशी. त्याला रडू यायला हवं होतं, आलं मात्र हसू, आणि ते दाबता दाबता डोळ्यांत पाणी आलंच.

सर मात्र अजून हिशेबच लावत होते, आणि चेहऱ्यावर काहीतरी उजाडत चाललं होतं. "थांबा," ते म्हणाले. "दर लढाईला मांडणी ती करायची. ही पलटण कुठे ठेवायची? टेकडीच्या मागे, राखीव. मी म्हणायचो, अगं, पुढे आण की. तर म्हणायची, अहो, उत्तम माणसं शेवटासाठी राखून ठेवावीत." त्यांनी कपाळावर हात मारला. "आणि मी मूर्ख शाळेत पोरांना धडे देत होतो, राखीव सैन्याचं महत्त्व काय असतं म्हणून!"

मग मात्र वकीलबाईंना खिडकी पुरेना. त्या मोठ्याने हसल्या, सगळे हसले, आणि सर सगळ्यांत जास्त हसले. हसता हसता त्यांनी चष्मा काढून टेकडीवर ठेवला. "इतकी वर्षं," ते म्हणाले. "एकदासुद्धा कळू दिलं नाही हो तिने मला."

चार वर्षांत बाईंचा विषय त्यांनी असा, सगळ्यांदेखत, हसत काढला नव्हता. कवळीला वाटलं, आपण मोरीत सोडलं त्यातून काहीतरी बरंच निघालं.

"चला," सर म्हणाले, "आज ही पलटण पुढच्या फळीत."

"सर, विचार करा," वकीलबाई म्हणाल्या. "नव्या रंगाचे शिपाई पहिल्याच लढाईत मरतात. पुस्तकात लिहिलेलं नाही, पण कायदा आहे."

"मरू देत. टेकडीमागे म्हातारे झालेत."

आणि कायदा खरा ठरला. चोवीसजण मोठ्या दिमाखात नऊ इंच पुढे गेले, वकीलबाईंनी फासे टाकले आणि पहिल्याच फैरीत चौदा गारद. उरलेले दहा दुसऱ्या फैरीला पळत सुटले. सर एकेक शिपाई उचलून बाजूला ठेवत होते आणि लग्नात वऱ्हाड नाचवणाऱ्या बापासारखे खूश होते. लढाई निळे सपाटून हरले. वकीलबाईंनी निकाल फळ्यावर लिहिला, चहा आला, आणि कवळीने एकामागून एक सहा बिस्किटं खाल्ली.

आवराआवर चालली होती तेव्हा सर त्याच्याजवळ आले. "तुमच्याकडे एखादा जादा ब्रश असेल ना? तुमच्या त्या बाजारातल्या डब्याचे आपण दोघं मिळून रंगवू. बटणं कशी काढतात ते शिकवा मला. एकच अट. वाईट झालं तर तोंडावर सांगायचं. सांगणारं घरात कोणी नाही आता." मग डब्याचं झाकण लावत म्हणाले, "तेव्हाही नव्हतंच म्हणा."

"सांगेन," कवळी म्हणाला.

आणि पुढच्याच रविवारी सांगितलं, पहिल्याच शिपायाला. "सर, डोळा नाकावर आलाय." सरांनी शिपाई उजेडात धरून नीट पाहिला, डोळा पुसला आणि पुन्हा काढायला घेतला.