कॉलरमधली सुई

ही गोष्ट एकोणीसशे एकाहत्तरची. माझ्या धाकट्या बहिणीला आम्ही ठकी म्हणायचो. तिची विमा कंपनीत कारकुनीसाठी मुलाखत होती. बाबा शिंपी, शाळा पुरी करून टायपिंग शिकलेली ठकी आमच्या घरातली पहिलीच. समोरच्या डॉक्टरांची मुलगीही त्याच जागेसाठी जाणार होती. टायपिंगच्या वर्गात ठकी तिच्या पुढे होती. दोघींचे कपडे बाबांनीच शिवले. ठकीला हळूच म्हणाले, "तुझ्या शिलाईत जरा जास्त जीव ओतलाय. तिला सांगू नकोस."

आमच्या घरची एक सवय होती. बाहेर पडताना प्रत्येकाच्या कॉलरच्या आत दोरा ओवलेली सुई असायची. वाटेत गिऱ्हाईक भेटलं, शिवण उसवलेली दिसली, की तिथेच टाका घालून द्यायचा. त्या सकाळी बाबांनी ठकीच्या कॉलरला स्वतः सुई खोचली.

पुढचं तिनेच घरी येऊन सांगितलं. टायपिंग बिनचूक झालं. साहेबांनी कधीपासून येशील, हेसुद्धा विचारलं. तेवढ्यात त्यांच्या कोटाचं लोंबणारं बटण तिला दिसलं आणि हात आपोआप कॉलरकडे गेला. साहेब नको नको म्हणेपर्यंत बटण पक्कं.

"वडील शिंपी का गं?"

"हो," ठकी अभिमानाने म्हणाली.

"मग असा हात असताना टेबलाशी कशाला बसतेस? आमच्या हिला शिवणारी हवीच आहे. उद्यापासून घरी ये."

चांगुलपणाने बोलले, हेच वाईट. जागा डॉक्टरांच्या मुलीला मिळाली. वडील काय करतात, हे तिलाही विचारलं होतं. पण म्हणून तिला कुणी पेशंट तपासायला बसवलं नाही.

"सुई मीच खोचली," बाबा एवढंच बोलले.

"सुई नसती तर बोटांवरच्या टोचल्याच्या खुणा दिसल्या असत्या," आई म्हणाली.

ठकी साहेबांच्या घरी गेली नाही, बाबांच्या मशीनवर बसली. डॉक्टरांची मुलगी त्याच ऑफिसची प्रमुख होऊन निवृत्त झाली. तिचे कपडे शेवटपर्यंत ठकीने शिवले, आणि दोघींचं चांगलं जमायचं. बाबांनी पुन्हा कुणाच्या कॉलरला सुई लावली नाही. स्वतःच्या मात्र ते गेले त्या दिवशीही होती.

ठकीची मुलगी पहिल्या मुलाखतीला निघाली, तेव्हा सुई राहिली नाही ना, म्हणून ठकीने तिची कॉलर आतून दोनदा चाचपली. त्या पोरीला नोकरी लागली, पण पुष्कळ खेटे घातल्यावर. आणि तीही दूरच्या शहरात, जिथे आम्हाला कुणी ओळखत नव्हतं.