डोक्यावरचा हात

ओल्या चादरीची घडी एकटीने होत नाही. दोन टोकं एकीने धरायची, दोन दुसरीने, मागे झुकून ताण द्यायचा आणि मग एकमेकींकडे चालत येऊन टोकाला टोक भिडवायचं. इस्पितळाच्या चादरींचा ढीग नुकताच भट्टीतून निघाला होता आणि लाँड्रीतल्या वाफेत दोघी जावा अशाच पुढे-मागे चालत होत्या. थोरली अंगाने भरलेली, धाकटी म्हणजे काडी. थोरलीने ताण दिला की धाकटी चादरीसकट ओढली जायची.

"ताई, चादर ओढताय की मला?"

"तुलाच. सोडली तर वाऱ्यावर उडून जाशील, म्हणून धरून ठेवते."

इस्त्रीच्या रोलरवरच्या बायका खळखळून हसल्या. तेवढंच हसू. मालकांच्या चपला वाजल्या की ते वाफेसारखं विरायचं.

या साऱ्या बायका सरहद्दीपलीकडून आलेल्या. कुणी दंगलीला पाठ दाखवून, कुणी उपासमारीला. इथे राहायचं तर बाहेरच्या माणसाला दरवर्षी नोंदणी कचेरीत उभं राहावं लागे आणि इथल्या एका नागरिकाने तिथे सांगावं लागे, 'मी या माणसाला ओळखतो.' कायद्याचं मागणं एवढंच. पण उपऱ्याला ओळखणार कोण? ज्याच्या दारी तो राबतो, तोच. म्हणून लाँड्रीतल्या बायकांची ओळख मालकच देत. देताना ते बाईच्या डोक्यावर हात ठेवत. हा हात कायद्यात नव्हता. मालकांनी कधीतरी मायेने ठेवला आणि पायंडाच पडला. त्या हाताच्या बदल्यात मालक काही मागत नसत हो! फक्त सुट्टीच्या दिवशी बोलावणं आलं तर बाई निमूट येई, पगाराचा विषय काढत नसे, आणि दुसरीकडे काम चालून आलं तरी जात नसे. हे कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, पण सगळ्यांना कळत होतं. बेडी लोखंडाची असो की मायेची, चालताना अडते ती अडतेच.

आणि मालक वाईट असते तर बरं झालं असतं, शिव्या तरी देता आल्या असत्या. पण लाँड्रीमागच्या खोल्या त्यांनीच दिलेल्या. धाकटीचा नवरा तापाने गेला, त्या तापात डॉक्टरला घेऊन आले होते तेच. थोरलीचा नवरा त्यांचीच गाडी चालवून कपड्यांचे गठ्ठे पोचवत असे. उपकार करणाऱ्यापुढे मान वर कशी करायची?

त्या सकाळी मालक धाकटीपाशी थांबले.

"आमच्या आईला आता उठवत नाही बघ. उद्यापासून तू बंगल्यावरच राहायला ये. रात्रंदिवस कुणीतरी लागतं."

धाकटीच्या हातातली टोकं थांबली. "मालक, माझी पोर लहान आहे. माझ्याशिवाय झोपत नाही ती."

"आजी आहे की तिला. सुट्टीच्या दिवशी भेटून येत जा." मालक हसून म्हणाले, "आणि उद्या दुपारी तुझी कचेरीत पाळी ना? यायचं ना मी?"

धाकटीने मान डोलावली. दुसरं काय डोलावणार? पोर इथे जन्मलेली, म्हणून कायद्याने इथली. आई मात्र परकी. ओळख मिळाली नाही तर आईला सरहद्दीपार जावं लागणार आणि पोर इथेच राहणार. म्हणजे आठवड्यातून एकदा भेटणारी आई, नाहीतर कधीच न भेटणारी.

मालक गेले. चादर ताणायची राहिली ती राहिलीच, तिचा मधला भाग जमिनीला टेकला.

संध्याकाळी खोलीत सासूबाई शेंगा सोलत बसल्या होत्या. दात गेले होते, पण जीभ शाबूत होती. सगळं ऐकल्यावर त्या थोरलीकडे बघून म्हणाल्या, "आता तू तर इथली नागरिक झालीस ना गं? परीक्षा दिलीस, शपथ घेतलीस. हल्ली खोकतेससुद्धा इथल्यासारखी. मग तूच का नाही देत हिची ओळख?"

थोरलीच्या मनात सकाळपासून तेच घोळत होतं. तिने नवऱ्याकडे पाहिलं. "अहो, दिली तर?"

नवऱ्याने घास खाली ठेवला. "वेड लागलंय? बाहेरून आलेल्याची ओळख धरत नाहीत. एकाने दिली होती म्हणे, तर त्याचंच नागरिकत्व काढून घेतलं."

"कोणाचं?"

"असेल कोणाचं तरी. सगळे सांगतात."

"तुम्ही पाहिलंय त्याला?"

"साप चावतो हे कळायला शेपटीवर पाय द्यावा लागतो का?" तो चिडला, मग आवाज खाली आणून म्हणाला, "हे बघ, खोली मालकांची, गाडी मालकांची. तू उद्या तोंड उघडलंस तर परवा आपण रस्त्यावर. कशीबशी एकदाची आत आलीयेस. आता दार हळूच लावून घ्यावं माणसाने."

हे बोलणाऱ्याला दुष्ट म्हणू नका. भ्यालेला माणूस पहिल्यांदा आपल्याच माणसांच्या तोंडावर दार लावतो, कारण बाहेरच्यांना अडवायची त्याची छाती नसते.

सासूबाई शेंग सोलता सोलता म्हणाल्या, "लहानपणी गाऊन कथा सांगणारे एक बुवा होते. ते सांगायचे, देव एकदा तहानेला वाटसरू होऊन गावात आला. ज्याच्या त्याच्या दारी पाणी मागितलं. जो तो विचारी, 'बाबा रे, तुला ओळखतं कोण?' देव काय सांगणार? गावाच्या कडेला एक म्हातारी राहायची. तिने आधी तांब्या पुढे केला आणि मग विचारलं, 'कुठून आलास?' इथे बुवा झांजा थांबवायचे. म्हणायचे, गावात देऊळ मोठं होतं, पण देव पाणी प्याला तो तिच्या ओसरीवर."

"आई, पोट कथेने भरत नाही," मुलगा म्हणाला.

"भीतीनेही नाही भरत रे. तरी ती तू रोज खातोसच की."

थोरली उठली, धाकटीजवळ बसली आणि जे बोलली ते बोलताना तिचीच जीभ तिला जड झाली. "जा बाई बंगल्यावर. एवढं एक वर्ष काढ."

"हो ताई," धाकटी म्हणाली. ती कुणावरही रागवायची नाही, हाच तिचा मोठा दोष.

ती गाठोडं बांधायला बसली. तिची पोर दुडदुडत आली, आपला फ्रॉक आणला आणि गाठोड्यात ठेवला. धाकटीने तो काढून बाजूला ठेवला. पोरीने परत ठेवला. आईने परत काढला. पोर रडली नाही. आईच्या हाताकडे नीट पाहत तिने फ्रॉक पुन्हा आत ठेवला आणि या खेपेला त्यावर स्वतःच बसली. थोरलीने तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी पोर आईला सोडेना, म्हणून तिला घेऊन थोरलीही कचेरीत गेली. लाकडी बाकं, कुरकुरणारा पंखा, भिंतीला टेकून उभी राहिलेली माणसं. प्रत्येकाच्या शेजारी त्याचा त्याचा ओळखदार. थोरली पोरीला मांडीवर घेऊन बाकावर बसली. उवा झाल्या म्हणून पोरीचे केस नुकतेच बारीक कापले होते.

टेबलामागच्या अधिकारीबाईंनी चष्मा सारखा केला. "ओळख कोण देतंय?"

"मी," मालक पुढे झाले. कडक इस्त्रीचा सदरा, चेहऱ्यावर नेहमीचं हसू. त्यांनी धाकटीच्या डोक्यावर हात ठेवला. "आमच्या घरचीच आहे ही."

"राहणार कुठे?"

"माझ्या बंगल्यावर. आईच्या सेवेला."

"मूलबाळ?"

"आहे ना, एक..." मालक जरा अडखळले. बाकावरच्या, केस कापलेल्या लेकराकडे पाहून म्हणाले, "मुलगा आहे."

हाताखालची धाकटीची मान खाली गेली ती गेलीच. पण थोरलीच्या मांडीवरचं ते लेकरू एकाएकी तिला फार जड वाटलं. घरचीच! मग घरच्या लेकराची एवढीही माहिती नसावी? आणि या ओळखीसाठी आम्ही जन्म गहाण टाकतोय?

ती पोरीला कडेवर घेऊन उठली. "बाई, मुलगी आहे ही. आणि मला विचारायचंय, हिची ओळख मी दिली तर चालेल का?"

"तुम्ही नागरिक आहात?"

"हो. पण बाहेरून आलेली. बाहेरून आलेल्यांची ओळख चालत नाही ना?"

"कुणी सांगितलं?"

"सगळेच सांगतात."

अधिकारीबाईंनी लेखणी खाली ठेवली. "नागरिक म्हणजे नागरिक. त्यात जुन्याची पंगत वेगळी, नव्याची वेगळी असं काही नाही. हं, त्या पळून गेल्या तर जाब तुम्हाला विचारू, जसा यांना विचारला असता." मग त्या क्षणभर घुटमळल्या. "या खुर्चीत म्हातारी होत आले मी, पण तुमच्यापैकी कुणी विचारलंच नाही. आणि कुणी विचारलं नाही, म्हणून मीही सांगितलं नाही."

भिंतीला टेकलेली माणसं कान टवकारून उभी होती.

"अगं, विचार कर," मालक म्हणाले. त्यांच्या आवाजात धमकी नव्हती, खरोखरचं दुखणं होतं. "मी काय कमी केलं तुमचं?"

"काही कमी केलं नाही मालक. पण ते फेडताना हे लेकरू आईवेगळं व्हायला निघालं."

"तुम्ही यांना कशा ओळखता?" बाईंनी विचारलं.

थोरलीला वाटलं होतं, वाचा बसेल. पण आतून धाराच लागली. "माझी जाऊ आहे ही. आमचे भावजी गेले तेव्हा ही रडली नाही, पोरीला पाजत बसली होती. पुढे बऱ्याच दिवसांनी पाण्याची बादली सांडली म्हणून रडायला लागली, ती थांबेचना. भाजीत मीठ कमी घालते आणि आम्ही नावं ठेवली की हसते. चादरीची टोकं कधी आधी सोडत नाही. आणि भीती वाटली की अंगठा मुठीत दाबून धरते. आत्ताही धरलाय, बघा."

सगळ्यांनी धाकटीच्या मुठीकडे पाहिलं. मूठ हळूहळू सुटली. आणि डोक्यावरच्या त्या हाताखालून धाकटीने, कुणाला लागू नये अशा बेताने, आपली मान काढून घेतली.

मालकांचा हात थोडा वेळ तसाच हवेत राहिला.

धाकटीची नोंद करून थोरली दारी परतली तेव्हा नवरा पायरीवर बसला होता. गाडीची किल्ली मालकांनी मागून घेतली होती. महिनाअखेर खोली सोडायची होती. बायकोला वाट द्यायला तो सरकलाही नाही. शेजारच्या खोल्यांची दारं एकेक करून लागली. आपल्या धाडसाने सगळ्या घराला उघड्यावर आणलं, हे थोरलीला कळत होतं.

मग त्यातलं एक दार किलकिलं झालं. रोलरवरची एक बाई इकडेतिकडे पाहत आली आणि पदराआडून पुटपुटली, "ताई, पुढच्या महिन्यात माझी पाळी आहे. मला ओळखता ना हो तुम्ही?"

"ओळखते," थोरली म्हणाली.

एकटी थोरली किती जणींना पुरणार? त्या गावात सुखाने नागरिक झालेली, दारं लावून बसलेली माणसं थोडीथोडकी नव्हती. तुमच्याआमच्या गल्लीतही ती थोडीथोडकी नाहीत. पाणी मागणारा रोज दारावरून जातो आणि आपण आतून विचारतो, 'कोण ओळखतं तुला?' पण त्याला ओळखायचं काम आपलंही असू शकतं, हे मनात येत नाही.

खोलीत सासूबाई भांडी बांधायला बसल्याच होत्या. पोर आईच्या मांडीवर झोपली होती. थोरलीने सामान गुंडाळायला मोठी चादर काढली, झटकली आणि दोन टोकं धरून ती एकटीच उभी राहिली. उरलेली टोकं जमिनीवर लोळत होती.

नवरा पायरीवरून उठला. आत आला. मग वाकून त्याने ती दोन टोकं उचलली.

"ओढू नकोस एवढं," तो म्हणाला. "धरलंय मी."