तोलून घेतलेल्या गोळ्या

आमच्या ह्यांना कुठलीही वस्तू हातात तोलल्याशिवाय कळत नाही. कुरुंद्याच्या मोंढ्यात, म्हणजे घाऊक बाजारात, हळदीचा व्यापार करून करून तळहाताचा काटा झालाय. हळकुंड जड लागलं की माल चांगला, हलकं लागलं की पोकळ. मग कलिंगड असो, चप्पल असो की माझे पैंजण, सगळ्यांना हाच न्याय. मला बघायला आले तेव्हा उचलून बघितलं नाही, हेच नशीब.

आमची गौसिया रिव्हॉल्व्हरची नेमबाज आहे. हिंगोलीच्या क्लबात अपर्णा मॅडम तिला शिकवतात. गेल्या वर्षी राज्याच्या संघातली जागा दोन गुणांनी हुकली, तेव्हा पोरगी आठवडाभर धड जेवली नव्हती. यंदाची निवड हिंगोलीतच होती. आदल्या दिवशी बापलेक गोळ्या आणायला नांदेडला गेले.

परवाना तिचा, म्हणून ती रजिस्टरवर सही करत बसली. तेवढ्यात दुकानदारानं दोन डब्या काउंटरवर ठेवल्या. ह्यांनी एकेक तळहातावर घेतली.

"ही काहून हलकी लागून राहिली?"

"हिची गोळी वजनाला पंच्याऐंशी ग्रेन, तिची अठ्ठ्याण्णव," दुकानदार म्हणाला. "त्याच रिव्हॉल्व्हरला दोन्ही चालतात."

ह्यांनी जड डबी बांधून घेतली. लेकीचा सराव हलक्या गोळीवर झालेला; पण तिला विचारायचं कुणाला सुचणार?

सकाळी रेंजवर डबी उघडली आणि गौसियाचा चेहरा उतरला.

"अब्बा, ह्या गोळ्या दुसऱ्याच हायत."

"जड हायत. जोर जास्त." वर सल्लाही दिला, "जड माल खाली बसतो बेटा. नेम जरासा वर धर."

दुसऱ्या गोळ्या आणायला वेळ नव्हता. मला ह्यांचा असा राग आला की प्रेक्षकांच्या दोरीमागे मी ह्यांच्यापासून एक खुर्ची सोडून बसले.

आधी सरावाच्या पाच गोळ्या असतात. पहिली तिनं बापाचं ऐकून मारली. भोक पडलं थेट कागदाच्या वरच्या कडेला. दुसरी नेहमीच्या नेमानं मारली, तीही काळ्या वर्तुळाच्या वरच गेली.

"जड गोळी वर कशी जाऊन राहिली?" हे पुटपुटले.

"तुमी गप बसा," मी म्हणाले. मॅडमना मध्ये बोलायची परवानगी नव्हती.

गौसियानं रिव्हॉल्व्हर खाली ठेवलं आणि क्षणभर डोळे मिटले. मग उचलून नेम चक्क खाली धरला. तिसरी गोळी काळ्यात शिरली. चौथी आणि पाचवी तिला खेटून बसल्या. मी सरकून ह्यांच्या शेजारच्या खुर्चीत आले.

स्पर्धेत ती दुसरी आली. संघात दोघींना घेणार होते. मी तिथंच रडले, आणि लाजले नाही.

परतताना जवळा बाजार गावात भजी खायला थांबलो. ह्यांना चैन नव्हतं.

"जड असून वर गेली काहून?"

"बार झाला की नळी हातात वर उसळते, अब्बा. हलकी गोळी चटकन बाहेर पडते. जड गोळीला वेळ लागतो, तोवर नळी आणखी वर गेलेली असते. मोंढ्याच्या फाटकाचा दांडा वर जायला लागला की मोटारसायकल तशीच खालून सटकते. हळदीचा ट्रक निघेस्तोवर दांडा पार वर गेलेला असतो. तसंच हे."

"आन् जोर?"

"जोर निस्त्या वजनात न्हाई. वेगातबी हाय."

ह्यांनी एक भजं तळहातावर घेतलं, बराच विचार केला आणि म्हणाले, "पण निवड झाली ती माझ्याच गोळीनं." त्यावर मायलेकी इतक्या हसलो की भजीवाला वळून बघायला लागला.

राष्ट्रीय स्पर्धेआधी आम्ही तिघं त्याच दुकानात गेलो. दुकानदारानं ओळखीचं हसत दोन्ही डब्या ह्यांच्या पुढ्यात सरकवल्या. ह्यांचा हात नेहमीसारखा उठला, मधेच थांबला आणि पाठीमागे गेला. मग दुसराही गेला. इतक्या वर्षांत मालासमोर हात बांधून उभं राहिलेलं मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं.

"पोरीला विचारा," हे म्हणाले. "ती सांगंल ती द्या."

"जडच द्या," गौसिया म्हणाली. "आता हिचीच सवय झाली."

तिनं सही केली, डबी घेतली, बापाचा हात पाठीमागून पुढं ओढला आणि ती त्यांच्या तळहातावर ठेवली.

"बघा अब्बा, बराबर हाय का."

ह्यांनी डबी तोलली. पुन्हा तोलली. मग मान वळवून उगाचच रस्त्याकडे बघत राहिले, आणि डबी काही खाली ठेवेनात.