पाहुण्यांची नोट

चीन सरकारने एकेकाळी परदेशी पाहुण्यांसाठी वेगळ्या नोटा काढल्या होत्या. थांग यूहेंगच्या संग्रहात त्यातली एकच नव्हती: पहिल्या छपाईची पन्नास युआनची. तिच्यापायी त्याने शांघायचे सगळे जुने बाजार पालथे घातले होते. ती मियाओ नावाच्या एका मावशींकडे आहे असं कळलं, तर नेमकं घराला कुलूप. छिंगमिंगचा, पितरांचा दिवस. शेजाऱ्यांना विचारून तो तडक दफनभूमीत पोचला.

मावशी नवऱ्याच्या थडग्यापुढे बसल्या होत्या. पितरांना पोचाव्यात म्हणून जाळायच्या खोट्या नोटांचा गठ्ठा समोर लोखंडी पाटीत, आणि त्यावर ती!

यूहेंग घाईने पुढे वाकला. "मावशी, हात लावू?"

"लाव की. चावत नाही ती."

त्याने हात पँटला पुसून नोट उचलली. कोरी करकरीत. चित्रात क्वेइलिनचे डोंगर, खाली नदी. त्याने ती उजेडाकडे धरली.

"हिला साधी घडीसुद्धा नाही!"

"कशी पडेल? आमचे हे शिंपी. एका परदेशी साहेबाचा सूट शिवला, त्यानं खूश होऊन दिली. मग स्वारी निघाली पाहुण्यांच्या दुकानात, जिथं फक्त याच नोटा चालायच्या, मला लोकरीचा कोट आणायला. परदेशी नाही म्हणून दरवानानं दारातूनच हाकललं. पुन्हा त्या रस्त्याला फिरकले नाहीत."

"मला विका. तुम्ही म्हणाल ती किंमत देतो."

"खुळा आहेस. सरकारनं हे चलन कधीच बंद केलं. मेलेली नोट मेलेल्या माणसालाच चालायची ना? या बाकीच्या बाजारातल्या नकली. तिथल्या दुकानात तरी ऐटीत शिरू देत त्यांना."

यूहेंग हसायला गेला, पण हसू आलं नाही. इतकी वर्षं त्याने या नोटांचे आकडे, रंग, छपाई तोंडपाठ केली. त्या घेऊन दारात उभ्या राहिलेल्या माणसाचा विचार त्याच्या मनाला कधी शिवला नव्हता.

मावशींनी काडी ओढली. वाऱ्याने विझली. दुसरीही विझली.

"बघतोस काय नुसता? ठेव ती इथं, आणि वारा अडव."

नोट अजून त्याच्याच हातात होती. पळाला असता, तर म्हातारी काय करणार होती? बोटं सुटता सुटेनात. शेवटी त्याने ती लोखंडी पाटीत ठेवली, चिखलात गुडघे टेकले आणि काडीभोवती ओंजळ धरली.

कडा पेटल्या. डोंगर काळे पडले, मग नदी गेली. इतकं देखणं काही त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. राख भिरभिरत वर चढली.

"पोचली," मावशी म्हणाल्या.

यूहेंग उठला आणि त्या कधीही न पाहिलेल्या शिंप्यापुढे तीनदा कमरेत वाकला.