संध्याकाळची चढण

उज्वलाने बहिरूचा पाय आपल्या मांडीवर घेतला, घोट्यावरचा पट्टा सोडला आणि मंजुषा डॉक्टरांच्या हातात दिला. घड्याळाएवढाच तो पट्टा. पाय किती हलतो ते त्यात साठतं आणि त्यावरून नवं औषध लागू पडतंय का ते कळतं, असं त्यांनी बांधताना सांगितलं होतं. बहिरूच्या नसांचा आजार दोन वर्षांत कमरेपर्यंत चढला होता. तो बरा होत नाही, हे डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगून टाकलं होतं. जिथे आहे तिथे थांबला तर थांबला, एवढीच काय ती आशा.

मागच्या खेपेला कॉम्प्युटरवर रेघ छान चढलेली दिसली होती. दिवसभर आडवी आणि रोज दिवेलागणीला वर. डॉक्टर खूश झाल्या. बहिरूच्या अंगावर तर मूठभर मांस चढलं. पाय हलताना डोळ्यांना दिसत नव्हता, हे खरं. पण आतून सुरुवात झाली असेल, यंत्राला कळतं ते आपल्याला काय कळणार, अशी नवराबायकोने मनाची समजूत घातली. मखमलाबादच्या मळ्यात खाटेवर बसून त्याने साऱ्या भावकीला फोन लावले. दसऱ्याला झेंडूचा चढा भाव सांगतानाही त्याचा आवाज इतका खणखणीत नसायचा.

आज मात्र डॉक्टरांनी पडद्यावरची रेघ दोनदा मागेपुढे सरकवून पाहिली.

"हे तीन दिवस बरं नव्हतं का? ताप वगैरे?"

"नाय," बहिरू म्हणाला.

"मग संध्याकाळची हालचाल कुठे गेली? मागेपुढे तर रोज आहे."

बहिरूने आठवून पाहिलं. "तवा ही नांदगावला गेली व्हती. भाचीचं लगीन व्हतं. पण माझा भाऊ व्हता ना जवळ, सोमनाथ. खाणंपिणं, उठवणं-बसवणं समदं त्यानं केलं."

डॉक्टर उज्वलाकडे वळल्या. "तुम्ही घरी असता तेव्हा संध्याकाळी काय करता, ताई?"

"काय नाय. तेल लावते. मंग तुमच्या व्यायामाच्या बाईंनी शिकवलं तसा पाय असा दुमडायचा, असा सरळ..."

दाखवता दाखवता तिचे हात हवेतच थांबले.

"पट्टा पायातच असतो?"

"तुम्हीच म्हणला ना, काढू नका म्हणून."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हे मी आधी विचारायला हवं होतं," त्या हळूच म्हणाल्या. "तेल लावत जा, ते चांगलंच आहे. फक्त पट्टा काढून लावा."

रिक्षाने ते मळ्यावर परत निघाले. बहिरू बाहेर बघत होता. उज्वलाला रडू आलं नाही. राग आला, आणि तोही आपल्याच हातांचा.

संध्याकाळी तेल कोमट करून ती खाटेशी बसली. पट्टा सोडायला वाकली तसा बहिरू म्हणाला,

"थांब. आधी मी बघतो."

त्याने दोन्ही हातांनी खाटेची कड धरली. मान ताठली, कपाळाची शीर फुगली, दातांवर दात आले. उज्वला त्याच्या पायाकडे टक लावून बघत राहिली. अंगठासुद्धा जिथल्या तिथे होता.

"हलला का गं?" त्याने धापा टाकत विचारलं.

"हलला," ती म्हणाली. "जरासा."

मग तिने पट्टा सोडून खिडकीत ठेवला आणि तेलाची वाटी जवळ ओढली.